घाटावरच्या म्हशी ‘पाणी’ या विषयात बसतात का?

ताई, आपल्या प्रश्नावरून मला समजले ते असे : आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या स्पर्धेचा विषय ‘पाणी आणि माझे शहर’ आहे, कागद अर्धा इम्पीरियल हवा आणि सोबत शंभर शब्दांचे मनोगत द्यायचे आहे. मुलीला आपल्या कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर डुंबणाऱ्या म्हशी काढायच्या आहेत. घरच्यांना मात्र पृथ्वीचा गोल, त्याला बसवलेला नळ आणि खाली ‘पाणी वाचवा’ हे अधिक सुरक्षित वाटते. शाळेत चित्रकला शिकवण्यात आणि अशा स्पर्धांचे परीक्षण करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून स्पष्टच सांगतो : तिला म्हशीच काढू द्याव्यात.

परीक्षणाच्या वेळी चित्रे लांब टेबलांवर किंवा जमिनीवर पसरलेली असतात आणि पहिली चाळणी उभ्या उभ्या, काही पावलांवरून होते. गोल आणि नळ यांची चित्रे तेथे इतकी असतात की चांगल्या हाताची मुलेही त्या गर्दीत हरवतात. शिवाय त्या चित्रात ‘माझे शहर’ कोठे आहे? तो नळ कोल्हापूरचा आहे हे कशावरून ओळखायचे? विषयाचा अर्धा भाग तेथेच सुटतो.

विषयाशी सुसंगती तपासण्याची माझी कसोटी साधी आहे. चित्रातून विषय काढून घेतला, तर चित्र तसेच उभे राहते का, हे पाहावे. म्हशी हिरव्या कुरणात दाखवल्या आणि मागे कोपऱ्यात निळा पट्टा ओढला, तर पाणी काढून टाकल्याने काहीच बिघडणार नाही. ते चित्र विषयाबाहेरचे. परंतु म्हशी मानेपर्यंत पाण्यात आहेत, गवळी गुडघाभर पाण्यात उभा राहून एकीची पाठ घासतो आहे, मागे दीपमाळा आणि घाटाच्या पायऱ्या आहेत, तर पाण्यावाचून त्या चित्राला अर्थच उरत नाही, आणि शहरही आपोआप त्यात येते.

आता चित्राकडे वळू. शासकीय रेखाकला परीक्षांतील स्मरणचित्राची सवय असलेली मुले स्पर्धेचे चित्रही स्मरणातून काढू लागतात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय परीक्षांच्या परीक्षागृहात तो नाइलाज असतो. येथे मात्र हाताशी वेळ आहे आणि घाट आपल्याच गावात आहे. सकाळी तिला घाटावर न्यावे आणि रंग घरी ठेवून फक्त वही व पेन्सिल द्यावी. म्हैस पाण्यात बसली की तिचे बहुतेक शरीर नाहीसे होते. दिसतात ती शिंगे, कपाळ, नाकपुड्या आणि पाठीची एक लांब वळणदार रेषा. मनाने काढलेल्या चित्रात मुले चारही पाय दाखवतात, आणि तेथेच प्रत्यक्ष पाहणारा व न पाहणारा यांतला फरक कळतो.

रंगाबाबत एक आग्रह धरतो. ओल्या म्हशीची पाठ काळी नसते. तिच्यावर आकाश चमकते, म्हणून वरच्या कडेला फिकट निळसर उजेड दिसतो. ट्यूबमधला तयार काळा लावला तर जनावर कागदाला पडलेल्या भोकासारखे दिसेल. अल्ट्रामरीन ब्ल्यू आणि बर्न्ट सिएना मिसळून केलेला गडद रंग वापरावा. तो एकीकडे निळ्याकडे, दुसरीकडे तपकिरीकडे झुकवता येतो. पाणीही निळे नसते. पावसाळ्यात पंचगंगा तांबूस गढूळ असते, उन्हाळ्याकडे ती हिरवट होते, आणि जेथे केंदाळ (जलपर्णी) साचते तेथे हिरव्या रंगाची वेगळीच जात दिसते. गडद वस्तूचे प्रतिबिंब वस्तूपेक्षा किंचित फिकट आणि उजळ वस्तूचे किंचित गडद, एवढे जरी तिने पाळले तरी पाणी पाण्यासारखे दिसू लागेल.

तिला पाठबळ हवे असेल तर टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आणि राजारामपुरीतील चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयात एकदा घेऊन जावे. आबालाल रहमान यांनी कोटीतीर्थ आणि रंकाळ्याच्या परिसराची निसर्गचित्रे काढली. ज्या शहरात असा चित्रकार होऊन गेला, तेथील मुलीने पाणी रंगवण्यासाठी मोबाइलवरचे चित्र समोर ठेवावे, हे मला मनापासून खटकते.

म्हशींवरून तिचे मन उडालेच तर शहरात विषयांना तोटा नाही. पावसाळ्यात पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की घराघरांत एकच चौकशी सुरू होते, आणि 43 फुटांची धोका पातळी लहान पोरांनाही पाठ असते. 2019 आणि 2021 चा महापूर तिच्या पिढीने पाहिला आहे. पूर चढू लागला की शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतील गणेशमूर्ती उंचावर हलवण्याची धांदल, हे मोठ्या ताकदीचे चित्र होऊ शकते. मात्र त्यात माणसे पुष्कळ येतात, आणि मानवाकृतींचा सराव नसेल तर तो विषय आवाक्याबाहेर जाईल.

रंगवण्याआधी तिने पत्त्याएवढ्या चौकटीत चार-पाच लहान आराखडे पेन्सिलने करावेत आणि त्यांत फक्त गडद, मध्यम, फिकट एवढ्याच छटा भराव्यात. आराखडा तुम्ही निवडू नका. तिलाच निवडू द्या. अर्धा इम्पीरियल म्हणजे 15 बाय 22 इंच, त्यामुळे जलरंगांसाठी 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) जाड कागद घ्यावा आणि तो चारही बाजूंनी चिकटपट्टीने बोर्डावर पक्का करावा, नाहीतर पहिल्याच ओल्या हाताने तो फुगेल.

मनोगत तिच्याच शब्दांत असावे. मोठ्यांनी लिहिलेले ‘जल हेच जीवन’ परीक्षकाला पहिल्याच ओळीत ओळखू येते. तिने गवळ्याशी बोलून म्हशींना तो कधी आणतो, पाणी खराब असले की काय करतो, हे विचारावे आणि तेच लिहावे. नाव, इयत्ता आणि शाळा चित्राच्या पाठीमागेच लिहायची का, चौकट चालते का, चित्र परत मिळणार का, हे नियमपत्रकात पाहून घ्यावे आणि तेथे नसेल तर आयोजकांना आताच फोन करून विचारावे.