लगीनघाई : पत्रिकेवरची वेळ आणि दारातली हलगी

तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडं पत्रांचा ढीग पडायला सुरुवात होते. यंदा निम्म्याहून जास्त प्रश्न लग्नपत्रिका आणि वाजंत्री यांचेच आलेत. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, म्हणून ज्यात बाकीच्यांचेही प्रश्न सुटतील असे चार निवडलेत.

प्रश्न : ताई, माझ्या मुलीचं लग्न फेब्रुवारीत आहे. आम्ही मराठी, व्याही तेलुगू, अशोक चौकाकडचे. पत्रिका कुठल्या भाषेत छापायची यावरून दोन्हीकडं थोडी कुरबुर चाललीय. मुलगी म्हणते छापूच नका, व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवा. पाचशे माणसं येतील. काय करू?
— नवरीची आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, दोन्ही भाषेत छापा, यात मला तरी काही अडचण दिसत नाही. सोलापुरात एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी घरं असतात, आपल्या गावाला दोन लिपींतली पत्रिका काही नवी नाही. मधे घडी घालायचं कार्ड घ्या, एका पानावर मराठी, समोरच्या पानावर तेलुगू, दोन्ही अक्षरं सारख्याच आकाराची. एक भाषा मोठी आणि दुसरी खाली बारीक असं केलं की कुरबुर परत सुरू होणार. तेलुगू मजकूर व्याह्यांकडच्याच माणसाकडून लिहून घ्या आणि प्रूफही त्यांनाच वाचायला द्या, प्रेसवाल्याला लिपी येते म्हणून त्याच्या भरवशावर सोडू नका.

व्हिडिओ जरूर पाठवा, पुण्या-मुंबईच्या आणि मुलीच्या ऑफिसातल्या लोकांना तेवढं पुरतं. पण पहिली पत्रिका आपण ग्रामदैवत सिद्धेश्वराला ठेवतो, एक तुळजापूरला आईच्या पायाशी जाते, मग मामा, आत्या, भावकी, ह्या घरी आपण स्वतः जाऊन हळदीकुंकू लावून अक्षता देऊन बोलावतो. ज्या आजीला फोन उघडता येत नाही तिला उशीखाली ठेवायला पत्रिका लागते. माझी आई प्रत्येक पत्रिका भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवायची आणि लग्न होऊन गेलं तरी महिनाभर काढायची नाही.

पाचशे माणसं म्हणजे पाचशे पत्रिका लागत नाहीत. वहीत माणसं लिहू नका, घरं लिहा. घरटी एक धरली तर दीड-दोनशेत भागतं, वर पंचवीस-तीस जास्तीच्या घ्या आणि त्या पहिल्या ऑर्डरमधेच घ्या, कारण ऑफसेटला प्लेट बनवायचा खर्च शंभराला आणि पाचशेला तेवढाच असतो, मागाहून वीस पत्रिका काढायला गेलात तर त्या चांगल्याच महाग पडतात. अगदीच पन्नास-साठ हव्या असतील तर डिजिटल किंवा स्क्रीन प्रिंट बघा.

कागद हातात घेऊन बघा. आता ती मखमली, चकचकीत कार्डं फार चालतात, दिसतात छानच, पण त्या लिफाफ्यावर बॉलपेननं नाव लिहायला गेलं की शाई धरत नाही, बोट लागलं की फरपटते, आणि कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावलं की ओघळ येतो. म्हणून दुकानातच एक नमुना मागून घ्या, पेननं नाव लिहा, पाण्यात कालवलेल्या कुंकवाचं बोट टेकवा, मिनिटभर थांबा, मग ऑर्डर द्या. तीनशे जीएसएमचं, म्हणजे जाडसर, साधं मॅट आर्ट कार्ड ह्या दोन्हीला बऱ्यापैकी टिकतं.

आता प्रूफबद्दल, आणि हे मी घरच्या अनुभवावरून सांगतेय. भावाच्या मुलीच्या लग्नात आम्ही मजकूर व्हॉट्सअॅपवर टाइप करून पाठवला. आपण मोबाइलवर लिहितो ते युनिकोड, प्रेसमधे बऱ्याचदा जुने फॉन्ट असतात, त्यात मजकूर घेताना रफार आणि जोडाक्षरं फुटतात. तिथं बसून सगळा मजकूर परत टाइप केला गेला आणि मुहूर्ताचे 12 वाजून 35 मिनिटं, त्याचे 12 वाजून 53 झाले. आम्ही प्रूफ मोबाइलवर बघितलं, नावं बघितली, आकडे बघितलेच नाहीत. सत्तर-ऐंशी पत्रिका वाटून झाल्यावर एका पाहुण्यानं विचारलं. वडील तेव्हा शहात्तर वर्षांचे, ते रात्री चटईवर बसले, काळ्या जेल पेननं उरलेल्या एकेका पत्रिकेवर 53 खोडून वर 35 लिहीत होते, हात थरथरत होता म्हणून पट्टी धरली होती. वाटलेल्यांना फोन केले तरी काही राहिलेच, आणि माझी मावशी अक्षता पडून गेल्यावर आली. हातात मूठभर तांदूळ घेऊन दारातच उभी राहिली. ते मला अजून आठवतं.

म्हणून प्रूफ कागदावर काढून घ्या. घरातल्या दोघांनी वाचायचं, एकानं मोठ्यानं, दुसऱ्यानं मूळ कागदावर बोट ठेवून. आधी आकडे, म्हणजे तारीख, वार, वेळ, मोबाइल नंबर. वार कॅलेंडरशी ताडून बघा. मग चि., चि. सौ. कां., श्री., कै. हे एकेक, कारण गेलेल्या माणसामागं कै. राहिलं किंवा असलेल्यामागं पडलं तर त्या घराला ते फार लागतं. नवरा-नवरीची पूर्ण नावं आधार कार्डावर आहेत तशीच छापा, पुढं विवाह नोंदणीच्या अर्जाला ही पत्रिका जोडावी लागते. आणि हॉलचं नुसतं नाव नको, जवळची खूण पण टाका, होटगी रोड केवढा लांब आहे.

वेळ मात्र खरी छापा. लोक उशिराच येतात म्हणून मुहूर्त अर्धा तास अलीकडचा छापायची पद्धत पडलीय, मला ती अजिबात पटत नाही. वेळेवर येणारी म्हातारी माणसं बसून राहतात आणि उशिरा येणारे पुढच्या वेळी अजून उशिरा येतात.

प्रश्न : माझ्या भावाचं लग्न एप्रिलच्या शेवटी आहे, मुहूर्त दुपारचा. मित्रांना डीजे पाहिजे, वडिलांना सनई-चौघडा आणि हलगी. आजोबांना हृदयाचा त्रास आहे. बजेट एकाचंच आहे.
— वराचा धाकटा भाऊ, विजापूर रोड

उत्तर : दादा, मी वडिलांच्या बाजूनं आहे, सरळच सांगते. घरात हृदयाचा पेशंट असताना छातीत दणका बसेल असे बॉक्स दारात लावायचेच नाहीत, यावर मतदान घेऊ नका. शिवाय 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर आणि वाद्यं बंद, आणि दिवसा सुद्धा राहत्या वस्तीत मर्यादा 55 डेसिबलची आहे. ठरावीक सणांना बारापर्यंत सूट मिळते, आपल्या घरचं लग्न त्यात येत नाही.

मित्रांना नाचायचंय ना, मग हलगी-घुमकं लावा. चांगला हलगीवाला असला की पाय थांबत नाहीत. फक्त तयारी कळायला हवी. हलगीचं कातडं सैल पडलं की आवाज बसतो, म्हणून ते लोक वाजवायच्या आधी वाळला पाला नाहीतर कागद पेटवून हलगी शेकतात, जाळावर धरून गोल फिरवतात, मधेच टिचकी मारून कान लावतात, परत शेकतात, आणि मग असा टणक आवाज येतो की गल्लीच्या टोकाला कळतं वरात आली. ह्या जाळासाठी मंडपापासून लांब, मोकळी जागा आधीच दाखवून ठेवा आणि हॉलच्या मॅनेजरला सांगून ठेवा, नाहीतर ऐन वेळी वाद होतो.

एप्रिलअखेर आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर असतो. दुपारी बारा वाजता डांबरावर वरात काढून वाजवणाऱ्यांचे आणि घोड्याचे हाल करू नका. पारण्याची, म्हणजे नवरदेवाची देवदर्शनाची मिरवणूक सकाळी नऊच्या आत उरका, नाचायचा कार्यक्रम संध्याकाळी सहा ते साडेनऊ ठेवा. सनई-चौघडा हॉलमधे, पाहुणे यायला लागले की सुरू आणि मंगलाष्टकं सुरू झाली की गप्प. मंगलाष्टकातच वाजंत्र्यांना गलबला करू नका म्हणून बजावलेलं असतं, तरी हल्ली मागं कुठलं तरी गाणं चालूच असतं, भटजींचा आवाज ऐकू येत नाही आणि अक्षता कधी टाकायच्या ते लोकांना कळत नाही. एका माणसाला एवढंच काम द्या, शेवटच्या ‘सावधान’ला वाजंत्र्यांकडं बघून हात वर करायचा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी सिद्धेश्वराच्या अक्षता सोहळ्यात संमती कट्ट्यापुढं केवढी गर्दी असते, पण संमती, म्हणजे त्या लग्नाच्या मंगलाष्टका, वाचताना सगळे कान देऊन उभे असतात आणि एकदमच अक्षता पडतात. तो क्षण आपल्या हॉलमधे पण यायला पाहिजे.

(वर ज्यांनी तेलुगू व्याह्यांबद्दल विचारलंय त्यांच्यासाठी पण हे. त्यांच्यात मुहूर्ताला वधूवर एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवतात आणि त्याच क्षणी गट्टिमेळम म्हणजे सगळी वाद्यं एकदम जोरात वाजतात. आपल्या वाजंत्र्याला हे माहीत नसेल तर आधी त्यांच्या पुरोहितांशी भेट घालून द्या.)

सुपारी देताना इसार किती दिला, किती माणसं येणार, किती तास वाजवणार, जास्त वेळ झाला तर किती द्यायचे, हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. आणि त्यांना जेवण पहिल्या पंगतीनंतर लगेच द्या, सगळ्यात शेवटी उरलंसुरलं नको. सकाळपासून उन्हात उभी असतात ती माणसं.

प्रश्न : आमच्या मंगल कार्यालयानं गाणी वाजवायचं लायसन्स म्हणून वेगळे पैसे मागितलेत. द्यायचे का?
— एक वाचक, सात रस्ता

उत्तर : लायसन्सचे पैसे द्यायची गरज नाही. आधार कॉपीराइट कायदा 1957, कलम 52(1)(झेडए). धार्मिक विधी आणि सरकारी समारंभात गाणं वाजवणं हा कॉपीराइटचा भंग धरला जात नाही, आणि लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले बाकीचे समारंभ त्यात येतात असं त्याच्या स्पष्टीकरणात लिहिलंय. 24 जुलै 2023 ला केंद्र सरकारच्या उद्योग विभागानं जाहीर सूचना काढून हेच परत सांगितलं. त्या सूचनेची प्रिंट काढा, मॅनेजरपुढं ठेवा आणि शांतपणे बोला. तरी मागितलेच तर कुठल्या संस्थेसाठी घेताय ते लिहून पावती द्या म्हणा. लाइटचे, जनरेटरचे पैसे वेगळे, ते द्यावेच लागतात.

प्रश्न : संगीत संध्येत स्टेजवर गोंधळाची दोन गाणी बसवायचीत, वेगळा गोंधळ घालायला वेळ नाही. चालेल का ताई?
— नवरीची मावशी, बाळे

उत्तर : संगीतात गाणी म्हणा की, छान वाटतील. पण तो गोंधळ झाला असं समजू नका. तुमच्या घरात लग्नानंतर गोंधळ घालायची रीत असेल तर तो घरीच, दारात, चौक (देवीच्या पूजेची मांडणी) मांडून घाला. त्याला हॉल लागत नाही, स्पीकर लागत नाही. संबळ, तुणतुणं, पेटती दिवटी आणि तीन-चार माणसं, एवढ्यात होतो. अंगणातल्या संबळाला मुळात माइकची गरजच नसते, फक्त रात्री दहाची मर्यादा वाद्यांनाही आहे हे लक्षात ठेवा. वेळ नसेल तर लग्नाच्या दिवशी घाईनं उरकू नका, सोळाव्या दिवशी नाहीतर महिन्याभरात सगळे परत जमतील तेव्हा ठेवा, फक्त गोंधळी आत्ताच सांगून ठेवा, लग्नसराईत मिळत नाहीत.

आणि त्यांना एक चिठ्ठी लिहून द्या. गोंधळी सुरुवातीला एकेका गावाचं नाव घेऊन देवांना गोंधळाला बोलावतात, तुळजापूरची भवानी, पंढरपूरचा विठोबा, जेजुरीचा खंडोबा असं. तुमचं कुलदैवत, तुमचं ग्रामदैवत आणि मुलीच्या सासरचं कुलदैवत, तिन्ही नावं गावासकट त्या चिठ्ठीत मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे बोलावणं कुणाचं राहायचं नाही.