वाचक विचारतात : दोन लाखांची बिजागरी

प्रश्न : भाऊ, मी लातूरला अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. खडूच्या धुळीने खोकला सुटत नाही. स्क्रीनवर पेनने लिहायचं, ते प्रोजेक्टरवर दाखवायचं आणि तेच रेकॉर्ड करून गैरहजर मुलांना पाठवायचं, असं डोक्यात आहे. छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानदाराने एचपीचा ऑम्नीबुक अल्ट्रा फ्लिप दाखवला. स्क्रीन पार मागे वळते, लॅपटॉपचा टॅब होतो. देखणा आहे, पण दोन लाखांच्या आसपास जातोय. बायको म्हणते, एवढ्यात स्कूटी येईल आणि वर साधा लॅपटॉपही. काय करू?
– एक शिक्षक, लातूर

उत्तर : सर, वहिनींचा हिशेब चोख आहे. तरीही तुमच्या बाबतीत माझं मत ‘घ्या’कडे झुकतंय. अटी मात्र पुष्कळ आहेत, आणि आधी एक स्वस्तातली वाट करून बघायची आहे; ते सगळं ऐका.

नांदेडला वजिराबादेत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. असा घडीचा लॅपटॉप टेबलावर आला की मी आधी बिजागरी बघतो. बहुतेकांची कोऱ्या मालासारखी घट्ट असते. पहिल्या आठवड्यात स्क्रीन वळवून पाहुण्यांना तंबूसारखा उभा करून दाखवला, पोरांना सिनेमा लावून दिला, त्यानंतर कुणी वळवलेलाच नसतो. अशा माणसाने पाऊण लाखाचा साधा लॅपटॉप घेतला असता तरी त्याचं काही अडलं नसतं. जास्तीचे पैसे गेले ते बिजागरीला, टचच्या काचेला आणि पेनला. तुम्ही मात्र रोज तीन-चार तास त्यावर लिहिणार आहात. हे पैसे वसूल होणारं गिऱ्हाईक म्हणजे तुम्हीच.

आधी चांगलं काय ते सांगतो. या मॉडेलची स्क्रीन १४ इंची ओलेड (जिचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो अशी) आहे, २८८० बाय १८०० पिक्सेलची, आणि ती १२० हर्ट्झवर चालते, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र ताजं करते. लिहिताना या १२० चा फरक कळतो. साध्या ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर पेनचं टोक पुढे जातं आणि शाई मागून येते. इथे ती टोकाला धरून चालते. वजन १.३४ किलो, त्यामुळे पिशवीत जाणवत नाही. आत इंटेलचा कोअर अल्ट्राच्या दुसऱ्या मालिकेतला प्रोसेसर आहे. तो बॅटरी जपून वापरतो, सकाळच्या दोन बॅचेस चार्जरविना निघून जातील. अर्थात लातुरात वीज गेली तर लॅपटॉप चालू आणि प्रोजेक्टर बंद अशी गत होईल, तेव्हा इन्व्हर्टरची सोय आधी बघा.

आता दुकानात जाऊन काय तपासायचं ते. स्क्रीन मागे वळवून लॅपटॉप टेबलावर सपाट ठेवा आणि वननोट हे वहीसारखं लिहायचं ॲप उघडायला सांगा. भिंगाची आकृती काढा. मुख्य अक्ष, बहिर्गोल भिंग, आणि वरून तिरका येणारा किरण. हा तिरका किरण मुद्दाम सावकाश ओढा, हवी तर पट्टी लावा. पुष्कळ पेनांमध्ये सावकाश ओढलेली तिरकी रेघ सरळ येत नाही, बारीक नागमोडी येते. सही करणाऱ्याला, खुणा करणाऱ्याला ते कळणारही नाही. पण तुम्ही किरणाकृती शिकवणार, प्रोजेक्टरवर ती रेघ सहा फुटांची होणार आणि पहिल्या बाकावरचं पोरगं विचारणार, ‘सर, किरण वाकडा कामून चाललाय?’ मग तळहात काचेवर टेकवून एका सूत्राची अख्खी सिद्धता लिहा. मध्येच हाताचे ठिपके उमटत असतील किंवा पान सरकत असेल तर दुकानदाराच्या गोड बोलण्याला भुलू नका. आणि मोकळ्या, सपाट टेबलावर लिहून बघा. तंबूसारखा उभा करून लिहायला गेलात तर स्क्रीन प्रत्येक टेकीला डुलते, कुठल्याही कंपनीची असो.

पेन डब्यातच मिळतो का, तेही विचारून घ्या, कारण घरातला दुसरा कुठलाही पेन चालेलच असं नाही. मायक्रोसॉफ्टची पद्धत वेगळी, वॅकॉमची वेगळी, सॅमसंगचा एस पेन तर बॅटरीशिवायच चालतो. एकाचा पेन दुसऱ्याच्या स्क्रीनवर बरेचदा मुका. टोकं झिजतात, तेव्हा जास्तीची टोकं त्याच दिवशी मागवून ठेवा. नुसत्या काचेवर पेन घसरतो, म्हणून काही जण कागदासारखी खरखरीत फिल्म लावतात. त्याने अक्षर सुधारतं आणि ओलेडची चमक थोडी मरते. तुमच्या कामाला हा सौदा परवडतो.

आता खोड्या. या मॉडेलला जुना चौकोनी यूएसबी पोर्टच नाही आणि एचडीएमआयही नाही. हेडफोनचं सोडलं तर सगळी छिद्रं टाइप-सी. तुमच्या क्लासच्या प्रोजेक्टरला अजून निळ्या टोकाची व्हीजीए केबल असेल तर त्यासाठी वेगळा जोड लागेल. चांगला हब (एका छिद्राची अनेक छिद्रं करणारा जोड) घ्या, ज्यातून चार्जिंगही होतं असा. हा खर्च किमतीत धरा.

दुसरं, रॅम. या प्रोसेसरमध्ये रॅम प्रोसेसरच्या पॅकेजवरच बसवलेली असते. नंतर वाढवायची म्हणाल तर मी काय, कुणीच वाढवून देऊ शकत नाही. लिहिणं आणि ओबीएस या सॉफ्टवेअरवर रेकॉर्डिंग, एवढंच असेल तर १६ जीबी पुरते. व्हिडिओ कापणं, जोडणं घरीच करणार असाल तर ३२ च घ्या, त्याच्या वर यात मिळतही नाही. एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची जागा, मात्र बदलता येते.

तिसरी खोडी खास तुमच्यासाठी. स्क्रीन मागे वळवली की कीबोर्ड खाली जातो आणि बटणं थेट टेबलाला टेकतात. बटणं त्या वेळी बंद असतात, त्यामुळे भलतंसलतं टाइप होत नाही, पण टेबलावर पडलेला खडूचा चुरा त्यांच्या फटीत जाऊन बसतो. माझ्याकडे आलेल्या एका मास्तरांच्या लॅपटॉपचा स्पेसबार दाबला की कर्रकर्र वाजायचा. उघडला तर खाली पांढरं पीठ भरलेलं. तुम्ही खडू सोडणार, पण त्याच खोलीत दुसरे सर गणिताला खडूच वापरणार असतील तर टेबलावर जाडसर कापड किंवा रबराची चटई अंथरत चला.

चौथी गोष्ट, आपला उन्हाळा. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की तो ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालवावा. बहुतेक कंपन्यांचा आकडा तोच. आपल्याकडे एप्रिल-मेत पारा ४२ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या क्लासमध्ये दुपारी काय होतं ते मी तुम्हाला काय सांगू. इतकं पातळ यंत्र तापलं की स्वतःला वाचवायला वेग कमी करतं. रेकॉर्डिंग अडखळायला लागलं तर व्हायरस शोधत बसू नका, पंखा लावा. मांडीवर उशी घेऊन वापरू नका, हवेची वाट बुजते. बॅटरीला तर उष्णता आणि शंभर टक्के चार्ज, दोन्ही एकदम सोसत नाही. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय बहुतेक चांगल्या लॅपटॉपमध्ये, कंपनीच्या ॲपात नाहीतर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) असते. उन्हाळाभर ती चालू ठेवा.

ओलेडबद्दल थोडं. काळा रंग दाखवायला ती वीजच खात नाही, पांढऱ्या पानाला मात्र भरपूर खाते. म्हणून फळ्यासारखी काळी पार्श्वभूमी घेऊन पिवळ्या-पांढऱ्या शाईने लिहा. खोलीत अंधार करता येत नसेल तर प्रोजेक्टरवर ते फिकट दिसेल, तिथे पांढरं पानच बरं. खालची टास्कबार लपवून ठेवा, एकच चित्र तासन्‌तास एका जागी राहिलं तर कालांतराने त्याचा डाग पडू शकतो. काच चकचकीत आहे, खिडकी पाठीशी आली तर तुमचाच चेहरा दिसेल.

आणि सगळ्यात महागडी गोष्ट. यात वरची काच आणि आतली स्क्रीन एकमेकांना चिकटवलेली असते. काच तडकली तर नुसती काच बदलून मिळत नाही, अख्खी स्क्रीन जाते. आमच्याकडे माणूस येतो, म्हणतो, ‘भाऊ, कायच केलं नाही, नुसतं झाकण लावलं.’ आणि कीबोर्डवर पेनचं टोपण राहिलेलं असतं. खर्चाचा आकडा ऐकून तो बाकड्यावरच बसतो. म्हणून अपघाती नुकसानीचं संरक्षण घेतल्याशिवाय असा लॅपटॉप दुकानाबाहेर काढू नका. सेवा तुमच्या पिनकोडला घरपोच आहे का, की बॉक्स बांधून कुठे पाठवायचा, हे कंपनीच्या हेल्पलाइनला स्वतः विचारा. दुकानदाराच्या ‘आपण आहोत ना’ला बिलावर जागा नसते.

स्वस्तातली वाटही सांगून ठेवतो. पाऊण लाखाचा साधा लॅपटॉप आणि चार-पाच हजारांची बिनस्क्रीनची पेन टॅब्लेट, म्हणजे जिच्यावर लिहिलेलं लॅपटॉपवर उमटतं अशी पाटी. वॅकॉमची मिळते, इतरांच्याही मिळतात. हात पाटीवर आणि नजर समोरच्या स्क्रीनवर, हे पहिले काही दिवस उलटंपालटं वाटतं. पण एकदा बसलं की मान खाली घालायला लागत नाही, पोरांकडे बघत लिहिता येतं. तुमच्यासारखा उभा राहून शिकवणारा माणूस कदाचित हेच पसंत करेल. माझं ऐकाल तर ही पाटी आधी घ्या, आहे त्या लॅपटॉपला लावून महिनाभर शिकवा. हात बसला नाही तरच दोन लाखांचा रस्ता धरा. आणि तेव्हाही लेनोवोचा योगा ९आय शेजारी ठेवून बघा. त्याचे स्पीकर बिजागरीतच आहेत, घडी कशीही घाला, आवाज तुमच्याकडेच येतो.

प्रश्न : दादा, बीड जिल्ह्यात माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. मुलगा म्हणतोय, पप्पा, आता फिरणाऱ्या स्क्रीनचाच घ्या, आणि तो नवा स्नॅपड्रॅगनवाला घ्या, बॅटरी दिवसभर जाते.
– एक केंद्रचालक, बीड जिल्हा

उत्तर : नका घेऊ. तुमच्या टेबलावर बोटाच्या ठशाचं यंत्र, डिजिटल सहीचा टोकन, प्रिंटर आणि स्कॅनर, सगळं चौकोनी यूएसबीचं. मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याचा डोंगलही (सॉफ्टवेअर चालायला लावावी लागणारी यूएसबी किल्ली) असेल. ही जत्रा टाइप-सीच्या दोन-तीन छिद्रांवर लटकवून दिवसभर काम होत नाही, हब सैल झाला की ठसा घेताना यंत्र गायब.

स्नॅपड्रॅगनचं वेगळंच. तो एआरएम जातीचा, मोबाइलमध्ये असतो तसा प्रोसेसर. साधी सॉफ्टवेअरं त्यावर विंडोज भाषांतर करून चालवून घेतं, पण यंत्रांचे ड्रायव्हर एआरएमसाठीच बनवलेले लागतात. ठशाच्या यंत्राचा तसा ड्रायव्हर नसेल तर दीड लाखाचं यंत्र घेऊनही रांगेतला म्हातारा माणूस परत पाठवावा लागेल. मोठ्या स्क्रीनचा, भरपूर पोर्टचा साधा इंटेल किंवा एएमडीचा लॅपटॉप घ्या. जीएसटी नोंदणी असेल तर बिल केंद्राच्या नावाने काढा. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, त्याचं क्रेडिट मिळतं का ते तुमच्या सीएंना विचारा. मुलाला उरलेल्या पैशातून काहीतरी घेऊन द्या, नाहीतर घरात शांतता राहणार नाही.

प्रश्न : मी संभाजीनगरला आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सीनियरकडून जुना कन्व्हर्टिबल (फिरत्या स्क्रीनचा) लॅपटॉप पस्तीस हजारांत मिळतोय. पेन छान चालतो. घ्यावा का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : ताई, आधी प्रोसेसर कितव्या पिढीचा आहे ते बघ. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्याच्या आधीचा असेल तर पस्तीस काय, पंधरालाही विचार करावा लागेल.

मग बिजागरी. स्क्रीन मधोमध धरून उघडताना एक बाजू आधी आणि दुसरी मागून येत असेल, किंवा कडेला झाकणाची फट उचललेली दिसत असेल, तर आतले स्क्रूचे खांब तुटायला आलेत. पूर्ण करडं चित्र स्क्रीनभर लावून जुने डाग दिसतात का बघ. विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढायला सांग, त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारीशेजारी येते. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापून माग.

आणि तुला त्यावर स्केच काढायचेत की थ्रीडी मॉडेल रेंडर करायचेत? नुसते स्केच असतील तर चालेल. रेंडरिंगला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, ते अशा पातळ घडीच्या लॅपटॉपमध्ये क्वचितच असतं. पुढच्या वर्षी स्टुडिओचं काम वाढलं की दुसरं यंत्र घ्यावंच लागणार असेल, तर हे पस्तीस त्यासाठी राखून ठेव आणि सध्या कॉलेजच्या लॅबवर भागव.