वेल्च कंपनीचा द्राक्षरस सुरुवातीला न आंबता कसा टिकवला?

उष्णता देऊन. १८६९ साली अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडमध्ये थॉमस ब्रॅमवेल वेल्च यांनी हे केलं. ते दंतवैद्य होते आणि मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या चर्चमधल्या प्रभुभोजनासाठी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि वाइन घेण्याच्या विधीसाठी, त्यांना मद्य नसलेला रस हवा होता. द्राक्षाच्या सालीवरच यीस्ट, म्हणजे साखरेचं मद्य करणारे सूक्ष्मजीव, असतं, त्यामुळे नुसता गाळलेला रस आंबतोच. त्यांनी कॉन्कर्ड जातीच्या द्राक्षांचा रस बाटल्यांत भरला, बुचं घट्ट लावली आणि बंद बाटल्या पाण्यात उकळल्या. उष्णतेने यीस्ट मरतं. हे फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चरचं तंत्र, फक्त वाइनऐवजी रसावर. बाटली बंद करून मग तापवणं हीच खरी मेख. आधी तापवून नंतर थंड रस भरला, तर हवेतलं किंवा बाटलीतलं यीस्ट पुन्हा शिरतं.

या रसात दुसरी एक अडचण असते: थंड झाल्यावर टार्टारचे (द्राक्षातल्या आम्लाच्या क्षाराचे) स्फटिक तळाशी बसतात. म्हणून रस थंड साठवून, साका खाली बसू देऊन वरचा निवळ भाग काढतात.

धंदा मात्र मुलगा चार्ल्सने वाढवला. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात त्याने लोकांना रस चाखवला, १८९७ मध्ये कारखाना न्यूयॉर्क राज्यातल्या द्राक्षपट्ट्यात, वेस्टफील्डला नेला. १९५६ मध्ये कंपनी द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थेकडे आली.