जेटीवरची जाळी: चिंबोरीची वेगळी, जिताड्याची वेगळी

प्रश्न: काका, आम्ही नाशिकरोडची चार-पाच पोरं अधूनमधून शनिवारी रात्री निघून त्र्यंबक-मोखाडा-जव्हार करत डहाणूकडे गळ टाकायला जातो. जेटी उंच आहे, मासा लागतो, अगदी पायाखाली येतो आणि वर ओढताना लाईन तुटते. म्हणून ऑनलाईन एक फोल्डिंगची ड्रॉप नेट, म्हणजे दोरीला बांधून खाली सोडायची गोल जाळी, मागवली, पण ती सरळ खाली जातच नाही, धारेबरोबर एका बाजूला पळते. रिकाम्या वेळात तीच चिंबोऱ्यांसाठी, म्हणजे खेकड्यांसाठी टाकून बघितली, त्यातही काही नाही. नवीन घ्यावी की हिच्यातच काही सुधारणा होईल?

उत्तर: सुधारणा होईल, पण आधी एक ठरवा, तिच्याकडून काम कोणतं करून घ्यायचंय. लागलेला मासा वर उचलायचा की तळावरची चिंबोरी पकडायची? दोन्ही जाळ्या गोल आणि दोन्ही दोरीला लटकणाऱ्या, त्यामुळे दुकानदार एकाच नावाने विकतो, पण काम एकदम उलटं आहे. चिंबोरीची जाळी, म्हणजे आपले आगरी-कोळी लोक जिला फग म्हणतात ती, तळावर सपाट बसली पाहिजे, तिला वीतभर खोली बास. मासा उचलायची जाळी पाण्यातच लटकती राहते, तळाला टेकायचा संबंधच नाही, आणि तिला खोल पोटली लागते, किमान दोन फूट, नाहीतर जिताड्यासारखा मोठा मासा एक उडी मारून बाहेर. तुमची बहुतेक मधलीच काहीतरी असणार, म्हणून दोन्हीकडे नापास.

आता ती पळते का ते बघू. रिंग हातात घ्या. एकदम हलकी लागली तर अॅल्युमिनियम समजा, आणि अॅल्युमिनियम पाण्यात गेलं की त्याचं एक तृतीयांशाहून जास्त वजन पाणीच उचलतं, लोखंडाचं जेमतेम आठवा हिस्सा. त्यात जाळीचं सूत धार अडवतं, मग ती पळणारच. उपाय स्वस्त आहे, पागाला, म्हणजे हाताने फेकायच्या जाळ्याला लावतात तसलं शिसं आणा, अर्धा किलोच्या आसपास, आणि रिंगवर समोरासमोर चार ठिकाणी सारखं वाटून बांधा. एकाच जागी बांधलं तर जाळी तिरकी होऊन उभीच्या उभी खाली जाईल, मासा काय तिच्यात कपाळ घालणार!

नवीनच करायची असेल तर मी म्हणेन ऑनलाईनच्या नादाला लागू नका, नाशिकमध्ये राहून रिंग विकत कशाला घ्यायची, सातपूर नाहीतर अंबडला कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला ८ एमएमच्या स्टेनलेस सळईची ७५ सेंटीमीटर व्यासाची रिंग मागा. सळई साधारण २ मीटर ३५ सेंटीमीटर लागते, वजन भरतं ९०० ग्रॅमच्या वर थोडं, म्हणजे शिसं लावायची गरज फारशी पडत नाही. जोडावरचं वेल्डिंग मात्र घासून गुळगुळीत करून घ्या, तिथेच सूत झिजतं आणि मोठा मासा आला की नेमकं तिथूनच उसवतं.

चिंबोरीसाठी तर याहून सोपं, जुन्या २८ इंची सायकलची रिम. हिचा एक फायदा कोणी सांगत नाही. तारांची भोकं मोजून पाडलेली असतात, आपल्या जुन्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४०, दोन्हीला चाराने भाग जातो. पुढच्या रिमचं दर आठवं, मागच्या रिमचं दर दहावं भोक धरून दोरी बांधली की चार दोऱ्या बरोब्बर समान अंतरावर येतात आणि रिम पाण्यातून आडवी, एका लेव्हलला वर येते. भोकांच्या कडा आधी कानशीने मारून घ्या. जाळी बांधायला प्लास्टिकचे टाय वापरणार असाल तर काळे घ्या, पांढरे उन्हात लवकर कडक होऊन तुटतात. लोखंडी रिमला गंज धरणारच, घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि एकदोन सीझन चालली की भंगारात द्या, तिच्यात जीव गुंतवू नका.

दोरीकडे कोणी बघत नाही आणि अर्धा घोळ तिथेच असतो. रिंगपासून वर जाणाऱ्या ज्या चार छोट्या दोऱ्या, त्या तरंगणाऱ्या हव्यात, म्हणजे साधी पॉलीप्रॉपिलीनची दोरी, बाजारात निळी-हिरवी मिळते ती. ती आपोआप वर उभी राहते. नायलॉन बुडतं, मग त्या दोऱ्या आमिषावर येऊन पडतात, चिंबोरी त्यात अडखळते आणि ओढताना जाळी वाकडी उठते. वरची मुख्य दोरी मात्र ८ एमएमची तरी असू द्या, बारीक दोरीने हात कापतात. लांबी मोजताना ओहोटीचा विचार करा, तिकडे उधाणाला भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, म्हणून भरतीला पुरलेली दोरी ओहोटीला आखूड होते. १५ मीटर घ्या आणि वरचं टोक आधी खुंटीला बांधा, मनगटाला गुंडाळायची हिरोगिरी अजिबात नको.

आता मासा उचलण्याची पद्धत. जाळीवाला वेगळा आणि गळवाला वेगळा, एकट्याने होत नाही. जाळीवाल्याने धार ज्या दिशेला वाहते त्या बाजूला उभं राहायचं, कारण दमलेला मासा तिकडेच वाहत येतो. जाळी आधीच हातभर पाण्याखाली सोडून ठेवायची, मासा तिच्यावर आणायचा आणि मग उचलायचं. माशामागे जाळी घेऊन पळालात की तो बिथरलाच. पाण्यात माशाचं वजन जवळजवळ नसतंच, हवेत आला की पूर्ण वजन आणि वर त्याचा झटका, म्हणून तुमची लाईन शेवटच्या दोन मीटरलाच तुटते. शिंगाळा आला तर त्याचे काटे जाळीत अडकतात आणि विषारी असतात, पकड वापरा, हाताने सोडवत बसू नका.

प्रश्न: फगाला आमिष काय आणि किती वेळाने उचलायचा? भरतीची वेळ नाशिकमध्ये बसून कशी काढायची? (सिडको)

उत्तर: तेलकट मासा, बांगड्याची नाहीतर तारलीची मुंडकी, नसेल तर चिकनची आतडी-पाय. जाळीच्या मधोमध घट्ट बांधा, सुटं टाकलं तर बारके मासे फस्त करतात. दर दहा-पंधरा मिनिटांनी उचला, पहिला हिसका जोरात आणि मग न थांबता, मध्ये श्वास घ्यायला थांबलात की चिंबोरी काठावरून खाली. पोटाखाली केशरी अंड्यांचा गोळा असलेली मादी आणि बारकी पिल्लं परत सोडा, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि सांगत राहणार.

वेळेचं म्हणाल तर कॅलेंडर भिंतीवर आहेच. तिथीची पाऊणपट करा. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार, एकादशीला सव्वाआठ, या सुमाराला भरती पूर्ण. मिनिटाला मिनिट जमणार नाही, पण किती वाजता गाडी काढायची ते ठरवायला पुरतं.

प्रश्न: हीच जाळी गंगापूर धरणावर चालेल का? (गंगापूर रोड)

उत्तर: धरणातल्या मासेमारीचा हक्क ठेक्याने दिलेला असतो, बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायटीला, त्यांना विचारल्याशिवाय काहीच टाकू नका. नांदूरमध्यमेश्वरचं तर नावच काढू नका, ते अभयारण्य आहे आणि राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा.