जुळ्यांची बाबागाडी: मागे कोण बसणार?

जुळ्यांचे आईबाबा समुपदेशनाला आले की झोप, दूध आणि सासर-माहेर हे विषय ठरलेले. त्यांच्या पाठोपाठ हमखास एक प्रश्न येतो: ‘डबल स्ट्रोलर कोणता घ्यावा? शेजारी-शेजारी सीट असलेला की पुढे-मागे?’ मी काही दुकानदार नाही. तरी हा प्रश्न मी उडवून लावत नाही. बाळंतपणानंतरचं जे कुणाशी बोलता येत नाही, ते पुष्कळदा अशाच एखाद्या खरेदीच्या आडून बाहेर येतं. ठाण्याच्या एका जोडप्याचं उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

एक मुलगा, एक मुलगी. दोघं साडेचार महिन्यांची, ३४व्या आठवड्यात जन्मलेली. मुलगी लवकर घरी आली. मुलगा वजनाला कमी, म्हणून तीन आठवडे एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, होता. नवरा आला तोच लॅपटॉप उघडून बसला. किंमत, वजन, चाकं, घडी कशी होते, परत करायची मुदत, असा सगळा तक्ता तयार. “मॅडम, मी सगळं काढून ठेवलंय. पण मी ऑर्डर करतो आणि ही रात्री कॅन्सल करते.” असं दोनदा झालं होतं. ती मान खाली घालून ऐकत होती. घरी सासूबाईंचं वेगळंच: “आमच्या वेळी कुठे होत्या गाड्या? कडेवरच वाढली ना पोरं?”

मी आधी तिला एडिंबरा प्रश्नावली भरायला दिली. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठी १९८७पासून जगभर वापरात असलेली ही छोटी चाचणी आहे. गेल्या सात दिवसांत कसं वाटलं याचे १० प्रश्न, एकूण ३० गुण. १३ किंवा जास्त आले तर मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे ‘कधीच नाही’ सोडून दुसरं काही उत्तर आलं, तर एकूण गुण न बघता त्याच दिवशी पाठवते. तिचे ११ आले. शेवटच्या प्रश्नाला ‘कधीच नाही’. गुण वाढले होते ते काळजीच्या आणि अपराधीपणाच्या प्रश्नांवर. रात्री दोघांचं दूध पाजून झालं की झोपायचं सोडून ती फोनवर स्ट्रोलरचे व्हिडिओ बघत बसायची.

नवऱ्याला जरा वेळ बाहेर बसायला सांगितलं.

“शेजारी-शेजारीवाली का नको?”

“आमच्या लिफ्टमध्ये जाणार नाही.”

“मग पुढे-मागेवाली?”

ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, “त्यात मागे कोण बसणार, ताई?”

पुढे-मागे सीट असलेल्या बऱ्याच गाड्यांमध्ये मागचं बाळ खाली असतं आणि त्याला समोर पुढच्या सीटची पाठ दिसते. हे तिने व्हिडिओत पाहिलं होतं. “तो पेटीत होता तेव्हा मी हिला कुशीत घेऊन झोपायचे. आता परत त्यालाच मागे टाकू? आणि हिला टाकलं तर हिचा काय गुन्हा?” मग ती बराच वेळ रडली.

अशा वेळी ‘अगं, असं काही नसतं’ म्हणून विषय मिटवायची घाई होते. मी ते टाळलं. त्या तीन आठवड्यांत तू रोज काय काय करत होतीस, एवढंच विचारलं. टाके ओले असताना पंपाने दूध काढून रोज दोनदा दवाखान्यात नेऊन द्यायची. शेवटच्या आठवड्यात नर्सने कांगारू केअर शिकवल्यावर त्याला छातीशी उघड्या अंगाला लावून तासन्‌तास बसायची. यातलं काहीच तिने हिशेबात धरलेलं नव्हतं. मुलगा काचेपलीकडे आणि आपण घरी, एवढंच चित्र डोक्यात घट्ट बसलेलं. आम्ही ते सगळं कागदावर लिहून काढलं. सीटचं म्हणाल तर आज तो पुढे, उद्या ती. पण हे उत्तर पहिल्या मिनिटाला दिलं असतं तर तिच्या कानाआड गेलं असतं.

नवऱ्याला आत बोलावून दोघांना गृहपाठ दिला: मोजपट्टी घ्या आणि घराच्या दारापासून रस्त्यापर्यंत सगळं मोजून आणा. पुढच्या वेळी दोघं हसतच आली. इमारत जुनी, लिफ्टला ओढायचं जाळीचं दार, त्याची मोकळी जागा ७० सेंटिमीटर. शेजारी-शेजारी सीटच्या गाड्या साधारण तेवढ्या किंवा त्याहून रुंद असतात. लिफ्टची खोली मीटरभरही नाही, आणि नवऱ्याला आवडलेली पुढे-मागेवाली मीटरच्या वर लांब. म्हणजे इतके दिवस ज्यावरून भांडण, त्यातली एकही गाडी वर जाणार नव्हती! तक्त्यात आणखी एक रकाना नव्हता: गाडी ढकलणार कोण? नवरा रात्री आठला घरी येतो, म्हणजे ती एकटीच. सासूबाई मोकळ्या होईपर्यंत थांबावं न लागता संध्याकाळी तळ्याकाठी, तलावपाळीला एक चक्कर मारून यायचं, हे तिला मनापासून हवं होतं. ते तिने नवऱ्यासमोर पहिल्यांदा बोलून दाखवलं, आणि त्याने लॅपटॉप मिटला.

शेवटी त्यांनी शेजारी-शेजारीवालीच घेतली, पण ती वर न्यायचीच नाही असं ठरवून. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून ती पार्किंगमध्ये नवऱ्याच्या स्कूटरशेजारी साखळी घालून ठेवतात. खाली उतरताना एक बाळ छातीशी कॅरियरमध्ये, दुसरं एका हातावर, उरलेला हात लिफ्टच्या दाराला. आधी मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळांना कॅरियर चालेल का हे बालरोगतज्ज्ञांना विचारून घेतलं. बाळाचं तोंड दिसत राहिलं पाहिजे आणि हनुवटी छातीला टेकता कामा नये, हे त्यांनी बजावलं.

गाडीच्या दोन्ही सीट पूर्ण आडव्या होतात, हे मात्र मी आवर्जून बघायला लावलं. पहिले सहा महिने बाळ सपाट झोपलेलंच बरं. ही दोघं दीड महिना आधी आलेली, तेव्हा वाढीच्या हिशेबाने त्यांना तीन महिन्यांचीच धरायचं. पट्टे दर वेळी लावायचे, झोपलं असलं तरी. उन्हासाठी गाडीवर दुपटं पसरायची आपल्याकडे फार सवय आहे, ती सोडा. आत हवा कोंडते आणि बाळ तापतं. आणि भाजीची जड पिशवी हँडलला अडकवू नका. बाळं उचलली की गाडी मागे कलंडते.

तुमच्याही घरी एखाद्या खरेदीवरून रोज वाद होत असेल आणि बाळंतीण रात्र-रात्र जागत असेल, तर गाडीचे रिव्ह्यू राहू देत, आधी तिला विचारा. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल किंवा काळजी थांबतच नसेल तर डॉक्टरांना भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं.

दोन महिन्यांनी पुन्हा प्रश्नावली भरली तेव्हा तिचे ६ गुण आले. तलावपाळीला आठवड्यातून तीनचारदा जाणं होतं. फूटपाथवर मध्येच दुचाक्या लावलेल्या असतात, तिथे गाडी रस्त्यावर उतरवावी लागते आणि मग तोंडातून शिव्या निघतात, असं तिने सांगितलं. सासूबाई निघताना दोघांच्या गालाला तीट लावतात, आणि हल्ली मधूनमधून स्वतःही चपला घालतात.