शिट्टी तोंडात आणि छातीत धडधड

"मॅडम, मीच घाबरलो तर पोरं वर कशी चढणार?"

गुरुपौर्णिमा झाली की लालबाग-परळच्या गल्ल्यांत रात्री गोविंदांचा सराव सुरू होतो. त्याच दिवसांत एका पथकाचा प्रशिक्षक माझ्या दादरच्या समुपदेशनाच्या खोलीत येऊन बसला. (त्याच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय ३८. दिवसा कंपनीत अकाउंट्स, रात्री शंभरेक पोरांचा 'दादा'. धडधड, तळहातांना घाम, झोपेचं खोबरं. ईसीजी आधीच काढून घेतला होता, तो नॉर्मल होता. हे त्याने शहाणपणाचं केलं. छातीतल्या धडधडीला कोणी परस्पर 'टेन्शन' म्हणून मोकळं होऊ नये.

आदल्या वर्षी सहाव्या थरावरून एक मुलगा पडला, मनगट मोडलं. तो बरा होऊन सरावाला परतलासुद्धा. दादा मात्र तिथेच अडकला. रोज रात्री पोरांना एकेक करून फोन: पोचलास का, कुठे दुखत नाही ना? फोन ठेवला की दहा मिनिटं बरं वाटायचं, मग पुढचा नंबर. खात्री करून घेतल्याने भीती शमत नाही, तिला खात्रीची चटक लागते.

'मीच घाबरलो तर?' हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे मॅनेजर येतात, सोसायटीचे सेक्रेटरी येतात, एकदा एक मुख्याध्यापिका आल्या होत्या. घाबरणारा माणूस पुढारपणाला नालायक, असं प्रत्येकाने मनाशी धरलेलं असतं.

मी आधी श्वासाचा व्यायाम दिला. चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. श्वास सोडताना नाडी थोडी संथ होते, म्हणून सोडणं लांबवायचं. पुढच्या वेळी तो हसत म्हणाला, "मॅडम, शिट्टी तोंडात असते. आकडे कधी मोजू?" बरोबर होतं त्याचं. मग ठरलं, शिट्टी ओठांना लावण्याआधी एकच लांब उच्छ्वास. तेवढं जमलं.

खरं काम वेगळ्याच प्रश्नाने झालं. "नक्की कशाची भीती?"

"पोरं पडतील याची."

"चढताना?"

तो बराच वेळ गप्प होता. "नाही. उतरताना. हंडी फुटली की वरचे नाचायला लागतात, खालच्यांचे खांदे भरून आलेले असतात. आणि आम्ही सराव करतो तो सगळा चढायचा."

म्हणजे वर्षभर ही भीती त्याला कामाचं काहीतरी सांगत होती आणि तो तिला दाबत होता. मग रोज सरावाआधी वीस मिनिटं, वहीत सगळ्या भीती लिहायच्या. हेल्मेटं, विम्याची यादी, १४ वर्षांखालचं कोणी थरात नाही ना, उतरण्याचा सराव: यांचं काहीतरी करता येत होतं. 'त्या पोराच्या आईला तोंड कसं दाखवू' याचं काही करता येत नव्हतं. ते वहीतच राहू द्यायचं, त्यासाठी फोन उचलायचा नाही. हे सगळ्यात अवघड गेलं. दुसऱ्या आठवड्यात एका रात्री त्याने नऊ फोन केले आणि मला अपराध्यासारखं सांगितलं. (भीतीने कामावर जाणंच थांबलं असतं किंवा घबराटीचे झटके वारंवार आले असते, तर मी त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं असतं. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मराठीतही बोलता येतं.)

पोरांना सांगायला तो तयार नव्हता. शेवटी एका रात्री बोलला: "गेल्या वर्षीपासून मला भीती वाटते. उतरताना जास्त. म्हणून आधी उतरायला शिकू."

कोणी काही बोलेना. मग सगळ्यात खालच्या थरातला, पथकातला सर्वांत जुना गडी म्हणाला, "माझा उजवा खांदा गेल्या दहीहंडीपासून धरतोय. तू टेन्शनमध्ये दिसायचास, म्हणून बोललो नाही."

त्याला त्या वर्षी खालून काढलं.

गोपाळकाल्याला आठ थरांची तयारी होती. एका ठिकाणी पाऊस जोरात आला, सातवा लागल्यावर दादाने सगळ्यांना खाली घेतलं. माइकवरून कोणीतरी टोमणा मारला म्हणे.

"तेव्हा धडधड?" मी विचारलं.

"होतीच की. पण शिट्टी वाजली."

"आणि रात्री फोन?"

"एकच. बायकोला. जेवण झाकून ठेव म्हटलं."