दुसऱ्या महायुद्धात जर्मन ताब्याविरुद्ध लढलेले फ्रेंच नेते जाँ मूलाँ हे क्रांतिकारक होण्याआधी खरंच सरकारी अधिकारी होते का?

हो, आणि चांगले वरचे. जन्म 1899 चा, दक्षिण फ्रान्समधल्या बेझिएचा. 1937 मध्ये ते आव्हेरों जिल्ह्याचे प्रीफे झाले, तेव्हा देशातले सर्वांत तरुण. प्रीफे म्हणजे साधारण आपला जिल्हाधिकारी, फक्त अधिकार त्याहून जास्त.

मला मात्र त्यांचा शार्त्रमधला एक दिवस विसरता येत नाही; तेव्हा ते तिथले प्रीफे होते. 17 जून 1940. जर्मन सैन्य शहरात शिरलं होतं, बरेच लोक पळून गेले होते, प्रीफे जागेवर होते. जर्मन अधिकाऱ्यांनी त्यांच्यापुढे एक कागद ठेवला: फ्रेंच सैन्यातल्या सेनेगाली सैनिकांनी बायकामुलांवर अत्याचार करून त्यांना मारलं, म्हणून सही करा. ती बायकामुलं खरं तर बॉम्बहल्ल्यात गेली होती. मूलाँनी सही केली नाही. तासन्‌तास मार खाल्ला. रात्री कोठडीत, उद्या आपल्याकडून सही होईल या भीतीनं, जमिनीवरच्या काचेच्या तुकड्यानं स्वतःचा गळा चिरला. वेळीच लक्षात आलं म्हणून वाचले.

नोव्हेंबरमध्ये जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या विशी सरकारनं त्यांना पदावरून काढलं. पुढे लंडनला जाऊन, तिथून लढा चालवणाऱ्या फ्रेंच जनरल द गोलना भेटले आणि जानेवारी 1942 मध्ये पॅराशूटनं परतले. चित्रं छान काढायचे, म्हणून संशय येऊ नये यासाठी नीसमध्ये कलादालनही उघडलं. विखुरलेल्या प्रतिकार गटांची पहिली एकत्र बैठक त्यांनी 27 मे 1943 ला पॅरिसमध्ये घेतली. महिन्याभरात ल्योंजवळ पकडले गेले. गेस्टापो या जर्मन गुप्त पोलिसांचा अधिकारी क्लाउस बार्बीनं अतोनात छळ केला, 8 जुलैला मृत्यू झाला. सोबत्यांची नावं मात्र त्यांनी सांगितली नाहीत.